पूर येण्याआधी रबरी बोट आणि इंजिन हाताखालचं करून घ्या

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 फुटांवर धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती 55 फुटांच्या पुढे गेली. त्यानंतर आमच्या गावानं इंजिनाची रबरी बोट घेतली आणि घडी घालून खोलीत ठेवली. पुढच्या पावसाळ्यात उघडली तर तळाला उंदरानं कुरतडलेलं भोक. म्हणून सांगतो, बोट शिकायची ती हिवाळ्यात, संथ पाण्यात. पुरातला बचाव प्रशिक्षित पथकाचं काम आहे, तिथं शिकाऊ माणसानं उतरू नये. सरावाआधी ज्यांचं पाणी त्यांची परवानगी घ्या आणि बोटीच्या नोंदणीची चौकशी करा, कारण इंजिनाच्या बोटींना अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 लागू होतो.

काठावर खडे, काचा, बाभळीचे काटे झाडून ताडपत्री अंथरा आणि तिच्यावर बोट पसरा. बोटीला हवेचे वेगवेगळे कप्पे असतात. एक कप्पा पूर्ण टणक करून दुसऱ्याकडे जाऊ नका, मधल्या पडद्यावर ताण येतो. आधी सगळे कप्पे निम्मे भरा, तळाच्या फळ्या बसवा, मग एकेक कप्पा पूर्ण करा. हवेचा दाब बोटीवरच्या पट्टीवर लिहिलेला असतो, तेवढाच ठेवा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावू नका, पायाचा पंप बरा. दुपारच्या उन्हात हवा फुगते आणि गार पाण्यात उतरते, म्हणून बोट पाण्यात घातल्यावर दाब पुन्हा बघा. मागच्या फळीतलं पाणी काढायचं बूच बसवलंय का, तेही हात लावून बघा.

इंजिन बोटीच्या मागच्या फळीच्या बरोबर मध्यावर टांगा. दोन्ही स्क्रू हातानं घट्ट आवळा, पाच मिनिटं चालवून पुन्हा आवळा, आणि बारीक साखळीनं इंजिन बोटीला बांधा. पंख्यावरची आडवी पट्टी बोटीच्या तळापेक्षा बोटभर खाली हवी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो आणि इंजिन नुसतंच ओरडतं.

टू स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे मिसळा. 50 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल म्हणजे लिटरला 20 मिली. फोर स्ट्रोकला साधं पेट्रोल, ऑइल वेगळं. टाकी बोटीत ठेवून भरू नका, काठावर उतरवून भरा.

आता टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. आमचं इंजिन पहिल्यांदा पाण्याच्या मधोमध बंद पडलं ते याच्यामुळं. स्क्रू बंद, टाकीत हवा जाईना, पेट्रोल येईना. नळीवरचा रबरी फुगा चपटा होऊन आत ओढला गेला होता आणि आम्ही मात्र दोरीच ओढत बसलो होतो. वल्ही होती म्हणून काठ गाठला. तर स्क्रू उघडा, फुगा हाताला टणक लागेपर्यंत दाबा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि इंजिन बंद करायच्या बटणाची लाल दोरी मनगटाला अडकवा. चालवणारा पाण्यात पडला तर ती सुटून इंजिन बंद होतं. चालवणाऱ्याविना गोल फिरणाऱ्या बोटीचा पंखा माणसाला फाडतो, त्यामुळं या दोरीत कुचराई नको. इंजिन सुरू झालं की मागून पाण्याची बारीक धार येते का बघा. येत नसेल तर लगेच बंद करा, आत थंडावा पोहोचत नाही. पाण्याबाहेर इंजिन चालवू नका.

लाइफ जॅकेट सगळ्यांनी काठावरच घालायचं, पट्टे आवळून. बोटीवरच्या पट्टीवर लिहिलेल्यापेक्षा एकही माणूस जास्त नको. 2019 च्या त्याच पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटली आणि माणसं गेली. रडणाऱ्या लेकुरवाळीला ‘पुढच्या फेरीला’ म्हणणं जड जातं, पण तेच म्हणा.

इंजिनाचा वळवायचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. हाताला सवय होईस्तोवर सावकाश चला. एकटे असाल तर एकदम वेग देऊ नका, हलकं नाक वर उचलून बोट पालथी होते. नदीत आधी प्रवाहाच्या उलट जा, म्हणजे इंजिन रुसलं तरी पाणी घराकडेच आणेल. केंदाळ म्हणजे जलपर्णी दिसली की लांबून वळा, पंख्याला गुंडाळतं. माणसाजवळ जाताना इंजिन बंद करून वल्ह्यानं जा.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला तर फिरकूच नका. आपल्याच नावानं ओळखले जाणारे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे जिल्ह्यात जागोजागी आहेत. पाणी वरून गेलं की वरच्या बाजूनं भिंत दिसतच नाही, नुसती सपाट रेघ दिसते. खाली मात्र पाणी उलट फिरतं आणि जॅकेट घातलेल्या माणसालाही बाहेर पडू देत नाही.

परत आल्यावर इंजिन स्वच्छ पाण्यात चालवून गाळ काढा. बोट चिखल धुऊन सावलीत पूर्ण वाळवा, टाल्कम पावडर लावा आणि जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवा, उंदीर पोहोचणार नाहीत अशी. महिन्यातून एकदा रात्रभर फुगवून ठेवा. सकाळी एखादा कप्पा मऊ लागला तर व्हॉल्व्हवर आणि जोडांवर साबणाचं पाणी फिरवा, बुडबुडे येतील तिथं ठिगळ.