आठवड्याचे एरर ४१ वर आले आणि मला शाबासकी मिळाली

ठाण्याला दहा नंबरवरून सकाळची पनवेल पकडायची, घणसोलीला उतरून महापेची शेअर रिक्षा, असे पहिल्या नोकरीतले पहिले सहा महिने गेले. आणि पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते एका जुन्या स्क्रिप्टचं. सर्व्हर सेंटओएस ७ या लिनक्सवर होता, त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, म्हणून सगळं रॉकी लिनक्स ९ वर हलवायचं होतं. तिथे पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा ३.९ होती, आणि लॉग (सर्व्हरने लिहिलेल्या नोंदींच्या फाइल) वाचून आठवड्याचे एरर मोजणारी आमची स्क्रिप्ट पायथन २.७ मधली. चारेकशे ओळी, लिहिणारा केव्हाच सोडून गेलेला, अख्ख्या फाइलमध्ये कमेंट एकच, "हे असंच राहू द्या".

मला वाटलं दोन दिवसांचं काम आहे. पायथन २ चा कोड ३ मध्ये बदलणारं टूटूथ्री नावाचं टूल असतं (पायथन ३.१३ पासून ते काढून टाकलंय, पण ३.९ मध्ये होतं), ते चालवलं, प्रिंटला कंस लागले, हॅज-की वगैरे जुन्या गोष्टी बदलल्या, आणि मग मला सुरसुरी आली की एवढं करतोच आहोत तर कोड जरा देखणा पण करू. फंक्शनं फोडली, नावं बदलली, एफ-स्ट्रिंग (मजकुरात व्हॅल्यू घालायची नवी पद्धत) घातल्या. हे करू नका. खरंच नका करू. आधी जशीच्या तशी चालवा, कमिट करा (बदलाची नोंद जपून ठेवा), मग काय नटवायचं ते नटवा, नाहीतर नंतर आकडा चुकला की चूक भाषेच्या बदलामुळे आहे की तुमच्या हौसेमुळे तेच कळत नाही.

दोन चुका लगेच दिसल्या त्यामुळे त्या सोप्या. एक, मिनिटाला १५ ने भागून पाव-पाव तासाचे गट पाडलेले होते. पायथन २ मध्ये ३७ भागिले १५ म्हणजे सरळ २, पायथन ३ मध्ये २.४६ आणि पुढे शेपूट. तासाला ४ गटांऐवजी ६० गट झाले आणि रिपोर्ट हनुमानाच्या शेपटीसारखा वाढला. भागाकाराला दोन तिरप्या रेघा दिल्या, म्हणजे उत्तर पूर्णांकच येतं, मिटलं. दुसरी, कुठल्यातरी बॉटने पाठवलेली वेडीवाकडी अक्षरं लॉगमध्ये होती, तिथे युनिकोडडीकोडएरर (अक्षर ओळखता आलं नाही) येऊन स्क्रिप्ट धाडकन पडली. फाइल उघडताना एरर्स नावाच्या पर्यायाला रिप्लेस द्या. इग्नोर दिलंत तर ती अक्षरं गुपचूप गायब होतात, रिप्लेसमध्ये निदान काळा प्रश्नचिन्हवाला चौकोन दिसतो.

खरी गोची पुढेच होती. स्क्रिप्ट चालली, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालवणारी सोय) लावली, सोमवारी आठवड्याचा रिपोर्ट गेला: एरर ४१. एरवी तीनशेच्या खाली कधी नाही. मॅनेजरचा अंगठा आला, "ग्रेट जॉब टीम", मी पण खूश होऊन वडापाव खायला खाली गेलो. वर आलो तर आमची लीड, तिला सगळे ताईच म्हणतात, माझ्या खुर्चीत बसलेली.

"काय रे, अॅप्लिकेशनमध्ये काही फिक्स गेलाय का या आठवड्यात?"

"नाही ताई."

"मग एरर कोणी कमी केले, तू?"

झालं होतं असं. आमच्याकडे लॉगरोटेट, म्हणजे जुने लॉग बाजूला काढणारा प्रोग्रॅम, कालची फाइल साधी ठेवतो आणि त्याआधीच्या जीझिप करतो, म्हणजे दाबून लहान करतो. साधी फाइल उघडली की पायथन ३ अक्षरं देतो, पण जीझिप मॉड्यूलने उघडली आणि मोड सांगितला नाही तर बाइट्स, म्हणजे अक्षरांत न बदललेला कच्चा डेटा, देतो. ओळीचे शब्द पाडणारं नुसतं स्प्लिट बाइट्सवर पण बिनबोभाट चालतं, तक्रार नाही. मग चौथा शब्द "एरर" आहे का म्हणून तुलना केली की बाइट्स आणि अक्षरं कधीच समान नसतात, उत्तर कायम नाही. म्हणजे सात दिवसांतले सहा दिवस शून्य, आणि ४१ हे एकट्या रविवारचे. स्क्रिप्ट पडली असती तर बरं झालं असतं हो, ती तर हसतमुखाने खोटं बोलत होती.

इलाज दोन अक्षरांचा, जीझिप उघडताना मोड आरटी द्यायचा, म्हणजे अक्षरंच मिळतात. आणि ताईने तेव्हा दाखवलेली गोष्ट मला कुठल्याच कोर्समध्ये कोणी सांगितली नव्हती: पायथनला मायनस बीबी (-bb) देऊन स्क्रिप्ट चालवा, मग बाइट्स आणि अक्षरांची अशी तुलना झाली की तो तिथेच एरर टाकतो. टेस्टिंगमध्ये हे लावूनच चालवायचं.

तिने मग विचारलं जुन्या स्क्रिप्टचं आउटपुट कुठे ठेवलंयस. ठेवलंच नव्हतं. नशीब जुना सर्व्हर अजून आठवडाभर चालू होता, त्यावर त्याच सात फाइल जुन्या स्क्रिप्टने चालवल्या, नव्याचं आउटपुट शेजारी ठेवून डिफ (दोन्हींतला फरक) घेतला. पहिल्यांदा सगळंच वेगळं दिसलं, कारण पायथन २ मध्ये डिक्शनरीचा, म्हणजे नाव-किंमत जोड्यांच्या यादीचा, क्रम कसाही येतो. दोन्हीकडे सॉर्ट करून घेतलं तेव्हा कुठे डिफ रिकामा आला. तुमच्या वाट्याला असं काम आलं तर जुनं मशीन बंद व्हायच्या आत हे करून ठेवा, एक साधी फाइल, एक जीझिप, एक कचरा अक्षरं असलेली आणि एक पूर्ण रिकामी, एवढ्या चार पुरतात.

संध्याकाळी सुधारित रिपोर्ट पाठवला, एरर ३१८. अंगठा काही आला नाही.