सप्रेसर लावायचा असेल तर मॅग्नमची बॅरल किती इंची? ठरवण्याआधीची तयारी

शिकारीच्या मॅग्नम रायफलला (म्हणजे जास्त पावडरचं, जास्त वेगाचं काडतूस झाडणारी) सप्रेसर, म्हणजे आवाज कमी करायला टोकाला लावायची नळी, बसवायचा असला की बॅरल किती लांब घ्यायची हे बहुतेक जण मझलच्या, म्हणजे बॅरलच्या तोंडाच्या टोकाकडून ठरवायला जातात, म्हणजे आधी २६ का २४ का २० इंच हे डोक्यात पक्कं करायचं आणि मग बाकी सगळं त्यात बसवत बसायचं. माझं म्हणणं, सुरुवात जनावराकडून करा. कागद घ्या आणि त्यावर लिहा की तुम्ही जास्तीत जास्त किती लांबून गोळी झाडणार, आणि तो आकडा रेंजवर बाकावर बसून लोखंडी प्लेट वाजवता तो नको, उतारावर सॅकवर रायफल टेकवलेली, दम लागलेला, वारा वाहतोय अशा वेळी पहिलीच गोळी जिथवर हमखास जागेवर बसते तो लिहा. बऱ्याच जणांचा हा आकडा ४००-५०० यार्डांवर थांबतो आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

मग जी गोळी वापरणार तिचा फुलण्यासाठी (जनावराला लागल्यावर पसरण्यासाठी) लागणारा किमान वेग कंपनीच्या माहितीत बघून तो पण खाली लिहा. शिकारीच्या बऱ्याच गोळ्यांना १८०० फूट पर सेकंदच्या आसपास लागतो, लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या काही १६०० ला पण फुलतात, अख्ख्या तांब्याच्या गोळीला मी स्वतः २००० धरतो. याच्या खाली गेलं की गोळी बारीक भोक पाडून आरपार निघून जाते आणि जनावर जखमी होऊन पळतं, मग तासन् तास ते वेदनेत, आणि हे कुठल्याही शिकाऱ्याच्या हातून होऊ नये. बॅरलच्या लांबीची सगळी चर्चा खरं तर या एका आकड्यासाठी आहे.

आता हिशोब करा. मॅग्नममध्ये बॅरल एक इंच कमी झाली की साधारण २० ते ३० फूट पर सेकंद जातात, काडतूस आणि पावडरप्रमाणे थोडं इकडेतिकडे. २६ वरून २२ वर आलात तर ढोबळ १०० फूट पर सेकंद गेले असं धरा (पुढेही वेगाला नुसतं फूट म्हणतो). ऐकायला मोठं वाटतं पण बघा, ७ पीआरसी या काडतुसाची १७५ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) गोळी २४ इंची बॅरलमधून ३००० फुटांच्या आसपास निघते आणि दर १०० यार्डांना १२०-१४० फूट गमावत जाते, म्हणजे १८०० च्या खाली ती ९०० यार्डांच्या पुढे कुठेतरी जाणार. १०० फूट कमी झाले तर ही हद्द ७०-८० यार्ड अलीकडे येते, बस. ज्याचा आकडा ५०० आहे त्याच्या हातात तरीही भरपूर शिल्लक राहतं. गोळी जास्त खाली पडेल म्हणाल तर ते स्कोपची (नेमाच्या दुर्बिणीची) चकती क्लिक-क्लिक फिरवून निघतं, आणि ६०० यार्डांवर मध्यम वाऱ्यात गोळी सरकण्यात फरक पडतो तो इंचभर, वारा ओळखायला चुकलात तर त्याच्या कितीतरी पट जास्त जातं.

एवढं झाल्यावर सप्रेसरची लांबी आणि वजन बघा. सहसा ६ ते ९ इंच आणि ३०० ते ५०० ग्रॅम, आणि ते सगळं अगदी टोकाला लटकतं. २६ वर ८ चढवले की ३४, मग झाडीतून जाताना खांद्यावरची रायफल प्रत्येक फांदीला अडकते आणि उभ्याने नेम धरला की पुढचं टोक खाली जायला लागतं. कागदावर हे कळत नाही, म्हणून रायफल रिकामी करा, बोल्ट (काडतुसामागे बंद होणारा सरकता भाग) काढून ठेवा, सप्रेसरएवढ्या लांबीचा पाइपचा तुकडा तेवढंच वजन भरून मझलला टेपने घट्ट बांधा आणि तासभर चढावर फिरून या. बॅरलवरून मागे सरकणारे सप्रेसर पण मिळतात, त्यात पुढे कमी लांबी वाढते, फक्त तुमच्या बॅरलची जाडी त्याच्या आत बसते का ते आधी मोजा.

उलट्या बाजूने खूप आखूड पण करू नका. मॅग्नममध्ये ६०-७५ ग्रेन हळू जळणारी पावडर असते, १८ इंचांवर कापलंत तर गोळी बाहेर पडताना मागचं प्रेशर खूप जास्त असतं, ते सगळं सप्रेसरच्या पहिल्या बॅफलवर (आतल्या भोक असलेल्या पडद्यावर) आदळतं आणि आवाज पण वाढतो. मॅग्नमचा मोकळा आवाज १६५-१७० डेसिबलच्या घरात जातो, चांगला सप्रेसर त्यातले २५-३० काढतो, म्हणजे १४० च्या कानाला घातक रेषेच्या आसपासच येता, आणि आखूड बॅरल नेमकी हीच बचत खाते. कानात प्लग घालायचेच. प्रत्येक सप्रेसरला कुठल्या काडतुसाला किमान किती बॅरल चालते हे कंपनी लिहून देते, ते वाचल्याशिवाय पैसे मोजू नका. सप्रेसर आणि किमान बॅरलचे नियम देशादेशात वेगळे आहेत, तेही लेखी बघून घ्या.

माझा कल सांगतो. ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम आणि ७ पीआरसीला २२. ३०० विनचेस्टर मॅग्नम, ३०० पीआरसीला २२ ते २४. २८ नोस्लर किंवा ३०० अल्ट्रा मॅग्नमसारख्या भरपूर पावडर खाणाऱ्यांना २४ च्या खाली नेऊ नका, नाहीतर ती पावडर आणि तो धक्का कशासाठी सोसायचा. २० फक्त दाट जंगलात, ३००-४०० यार्डांच्या आत.

जुनी बॅरल कापून घेणार असाल तर घाई नको, कापलेली परत जोडता येत नाही. आधी आहे त्या लांबीवर क्रोनोग्राफने (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राने) वेग मोजा आणि गरज वाटली तर दोन इंच कमी करा. लांबी मोजायची ती रायफल रिकामी करून, बोल्ट बंद ठेवून, मझलमधून रॉड आत टाकून बोल्टच्या तोंडापर्यंत. गनस्मिथला सप्रेसर फिरवून बसवायच्या थ्रेडचं (आट्यांचं) माप लिहून द्या, ५/८ बाय २४ का एम १८ बाय १, आणि सप्रेसर टेकायला थ्रेडच्या मागे पुरेसा जाड आणि काटकोनात खांदा सोडायला सांगा, बारीक बॅरलवर इथेच गडबड होते. थ्रेड बोअरच्या (बॅरलच्या आतल्या भोकाच्या) सरळ रेषेत नसले तर गोळी बॅफलला घासते, म्हणून पहिली गोळी झाडण्याआधी अलाइनमेंट रॉड (सरळपणा तपासायची सळई) बॅरल आणि सप्रेसरमधून घालून चारही बाजूंनी सारखी फट दिसते का बघायचं.

वेगाचे अंतिम आकडे सप्रेसर लावूनच घ्या, गोळी किती पडेल ते सांगणाऱ्या अॅपमध्ये तेच भरा. लागोपाठ झाडल्यावर सप्रेसर तापतो आणि स्कोपसमोर हवा थरथरते, तेव्हा त्यावर कव्हर घाला किंवा थांबा. आणि सप्रेसर काढून परत लावल्यावर झिरो (स्कोपचा जुळवलेला नेम) जागेवर येतो का, हे शिकारीला निघण्याआधी रेंजवर तीन-चारदा काढून-लावून तपासा, थंड बॅरलवर, दर वेळी तेवढाच घट्ट करून.