जुन्या टूरिंग बाइकचा एबीएस दिवा विझत नसेल तर

गाडी थोडी पुढे नेल्यावरही एबीएसचा (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत राहिला, तर लगेच तिचं महागडं मॉड्यूल, म्हणजे कंट्रोल युनिट, बदलायला जाऊ नका. आधी बॅटरी बघा. गाडी बंद असताना मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. स्टार्टर मारताना ते १० च्या खाली घसरले, की बऱ्याच जुन्या गाड्यांत एबीएसची स्वतःची तपासणी फसते.

मग चाकाजवळचा स्पीड सेन्सर. आत चुंबक असेल तर टोकाला लोखंडाचा बारीक कीस आणि पॅडची काळी भुकटी चिकटते. स्वच्छ फडक्याने पुसा, चाकासोबत फिरणाऱ्या दातेरी रिंगचा दात वाकलाय का पाहा, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) सेन्सर आणि रिंगमधलं अंतर मोजून मॅन्युअलशी ताडून घ्या. पुढच्या सेन्सरची वायर हँडल वळवून तपासा. वरून धड दिसते, आत तार तुटलेली असते.

ब्रेक ऑइल दर २ वर्षांनी बदलाच. डॉट ४ प्रकारचं ऑइल ओलावा शोषतं आणि त्याने मॉड्यूलमधले व्हॉल्व्ह गंजून अडकतात.

दिवा लागला तरी साधे ब्रेक सहसा चालतात. २००० च्या दशकातल्या सर्वो एबीएसच्या (ब्रेकला मोटरची जोड देणाऱ्या) बीएमडब्ल्यूंमध्ये मात्र सर्वो बंद पडला की लिव्हर खूप जोरात दाबावा लागतो. अशी गाडी रस्त्यावर काढू नका.