अक्षता पडताना व्हिडिओ का फुटतो, आणि त्यावर काय करायचं

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत सोलापुरात जेवढं शूटिंग होतं, त्यातला सगळ्यात अवघड क्षण संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याचा. नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) उभे, पांढऱ्या बाराबंद्या (बंद बांधायचे अंगरखे) घातलेल्यांची गर्दी, तोवर चित्र काचेसारखं स्वच्छ असतं. तांदूळ उडाले की तेच चित्र चौकोनी ठिगळांनी भरतं. कॅमेऱ्याला दोष देऊ नका. तेवढ्या पाच-दहा सेकंदांसाठी बिट, म्हणजे चित्र लिहून ठेवायला फाइलमध्ये मिळणारी जागा, कमी पडले, एवढंच.

आधी हिशोब बघा. फुल एचडीची एक फ्रेम १९२० बाय १०८० पिक्सेलची. नेहमीच्या ४:२:० पद्धतीने, म्हणजे रंगाचा तपशील आधीच कमी करून ठेवला, तरी ती ३१ लाख बाइट घेते. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका तासाचे २८० जीबी होतात. तोच तास ५ एमबीपीएसने (सेकंदाला ५ मेगाबिट) सव्वादोन जीबीत बसवायचा, म्हणजे सव्वाशे पट आवळायचा.

२००३ साली आलेलं एच.२६४ हे व्हिडिओ आवळायचं मानक फ्रेमचे १६ बाय १६ पिक्सेलचे तुकडे पाडतं. एन्कोडर, म्हणजे आवळणारा प्रोग्राम, प्रत्येक तुकड्यासाठी शेजारच्या फ्रेममध्ये जोडीदार शोधतो. सापडला की ‘तिकडचा तुकडा इतका सरकवून इथे लाव’ एवढंच लिहितो आणि राहिलेला फरक जोडतो. फरकातले बारीक तपशील गरजेप्रमाणे छाटले जातात. खरं नुकसान इथेच होतं. चालत जाणाऱ्या बाराबंदीला जोडीदार लगेच मिळतो. उडत्या तांदळाला कुठून मिळणार? प्रत्येक दाणा पुढच्या फ्रेममध्ये वेगळ्या जागी, वेगळ्या कोनात. सगळाच फरक उरतो, छाटणी राक्षसी होते आणि तुकड्यांच्या कडा डोळ्याला दिसायला लागतात. शोभेच्या दारूकामातही हेच होतं. शिवाय तिथे क्षणाक्षणाला अख्ख्या फ्रेमचा उजेड बदलतो.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: मानक फक्त फाइल उलगडायची कशी ते ठरवतं. आवळायची कशी, ते एन्कोडर बनवणाऱ्यावर सोडलेलं आहे. मोबाइलमधला एन्कोडर शूटिंग चालू असतानाच घाईत काम उरकतो, कॉम्प्युटरवरचा एक्स२६४ हा एन्कोडर निवांत शोधाशोध करतो. म्हणून शूटिंग शक्य तितक्या जास्त बिटरेटने (सेकंदाला वापरलेले बिट) करा आणि आवळायचं काम घरी. रात्री दिव्यांखाली शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दुसरं काही ठेवलं तर दिवे फडफडतात आणि त्या फडफडीवरही बिट वाया जातात.

आता कॉम्प्युटरवर हँडब्रेक हे व्हिडिओ आवळायचं सॉफ्टवेअर उघडा. फाइल टाकल्यावर अख्खी आवळायला बसू नका. रेंजमध्ये ‘सेकंद’ निवडून अक्षतांचा ३० सेकंदांचा तुकडा घ्या. तो जमला तर बाकीचं जमतंच. व्हिडिओमध्ये एन्कोडर एच.२६४ (एक्स२६४), प्रीसेट ‘स्लो’, क्वालिटी आरएफ (दर्जाचा आकडा) २०. आकडा कमी केला की दर्जा वाढतो. ६ ने खाली आणला तर फाइल साधारण दुप्पट होते. अक्षता अजून फुटत असतील तर १८ करून बघा. रात्रीच्या शूटिंगमध्ये मुंग्या आल्या असतील तर फिल्टर्समध्ये त्या पुसणारं एनएलमीन्स ‘लाइट’ लावा. जोरात लावलं तर चेहरे मेणाचे दिसतात.

एच.२६५ या पुढच्या मानकाला त्याच दर्जासाठी साधारण निम्मी जागा पुरते, हे खरं. पण पेनड्राइव्ह गावाकडच्या जुन्या टीव्हीला लागणार असेल तर मोह आवरा. आवाज येतो, पडदा काळा, आणि फोन तुम्हाला येतो. तिथे ८ बिटचं (१० बिटचं नव्हे) एच.२६४ च द्या.

पेनड्राइव्ह फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर एक फाइल ४ जीबीच्या आतच हवी. दोन तासांच्या कार्यक्रमाला ४ जीबी म्हणजे ३,२०,००,००० किलोबिट भागिले ७,२०० सेकंद, सुमारे ४,४४० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट). आवाजाचे १६० वजा करा, थोडी जागा सोडा आणि आरएफऐवजी सरासरी बिटरेट ४,००० टाका. अशा वेळी मल्टी-पास चालू ठेवाच. पहिल्या फेरीत एन्कोडर अवघड जागा हेरतो आणि भाषणातले बिट वाचवून अक्षतांना देतो.

आवाजाचं तत्त्व वेगळं. मोठ्या आवाजाखाली दबलेला बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही, म्हणून तो टाकून दिला जातो. अडचण हलगीची. आवाज आवळायची एएसी ही पद्धत साधारणपणे १,०२४ नमुन्यांचा (आवाजाच्या क्षणिक मोजमापांचा) गठ्ठा एकदम आवळते, ४८ किलोहर्ट्झला सुमारे २१ मिलिसेकंद. टिपरू, म्हणजे हलगी वाजवायची काडी, गठ्ठ्याच्या शेवटी पडलं, तर छाटणीची खरखर त्याच्या आधीच्या शांततेत पसरते आणि ठोका पिचलेला वाटतो. तेव्हा एन्कोडरने १२८ नमुन्यांच्या छोट्या गठ्ठ्यांवर जायचं असतं. कमी बिटरेटवर तेही पुरत नाही. स्टिरिओला १६० केबीपीएसच्या खाली जाऊ नका आणि आवाजाचं शिखर -१ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

मोबाइलचं शूटिंग असेल तर आणखी एक खोच: मोबाइल फ्रेमरेट कमी-जास्त करत राहतो. पुढे एडिटिंग करायचं असेल तर हँडब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडा, नाहीतर एडिटिंगमध्ये आवाज हळूहळू मागेपुढे होतो. सुरुवातीची दोन मिनिटं ऐकून हे कळत नाही. तपासताना फाइलच्या शेवटच्या दहा मिनिटांवर जा आणि टिपरू पडताना दिसतं तेव्हाच ठोका ऐकू येतो का ते बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. ‘व्हिडिओ’ म्हणून टाकली की ती पुन्हा आवळली जाते आणि अक्षता परत फुटतात.