दुखतो खांदा, चुकते कंबर: स्टँड-अप पॅडल करताना स्नायू कसे सांभाळावेत, दुखावले तर कसे सावरावेत

स्टँड-अप पॅडल म्हणजे रुंद बोर्डवर उभं राहून लांब वल्ह्याने वल्हवणं. पावसाळ्याचे चार महिने हा बोर्ड भिंतीला टेकून उभा असतो. ऑक्टोबर येतो, पाणी निवळतं आणि पहिल्याच सकाळी आपण दीड तास वल्हवून येतो. त्या दिवशी काहीच जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी शर्ट घालताना हात वर जात नाही. देवबागजवळ, कर्ली नदीच्या मुखाकडे केलेल्या अशाच एका फेरीनंतर माझा उजवा खांदा कित्येक आठवडे दुखत होता. त्या काळात मी जे शिकलो, त्यातलं बरंचसं पाण्यात उतरण्याआधीच कळायला हवं होतं, म्हणून हा लेख.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पॅडलबोर्ड करणाऱ्यांच्या दुखापतींची एक पाहणी २०१७ साली प्रसिद्ध केली. त्यात सुमारे एक तृतीयांश दुखापती खांदा आणि दंडाच्या होत्या. त्यानंतर कंबर, मग कोपर आणि हाताचा पुढचा भाग. साधारण निम्म्या दुखापती स्नायू आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट दोर) यांच्या होत्या. म्हणजे हा खेळ हाडं मोडण्यापेक्षा स्नायू थकवून दुखवतो. आणि जे थकण्याने बिघडतं, ते बऱ्याच अंशी टाळता येतं.

पायरी १: वल्हं आपल्या मापाचं करून घ्या

भाड्याने बोर्ड घेताना वल्ह्याची लांबी बहुतेक जण बघतच नाहीत. सपाट पाण्यासाठी वल्हं आपल्या उंचीपेक्षा साधारण २० ते २५ सेंटिमीटर लांब असावं. लाटांवर खेळताना गुडघे जास्त वाकलेले असतात, त्यामुळे तिथे १० ते १५ सेंटिमीटर पुरेत. वल्हं फार लांब असेल तर वरचा हात प्रत्येक वेळी डोक्याच्या वर जातो आणि खांद्यातल्या कंडरा हाडाखाली चिमटतात. वल्ह्याचं पातं दांड्याशी थोडं कललेलं असतं, तो कल पुढच्या दिशेला हवा. नवशिके हमखास उलटं धरतात.

पायरी २: हाताने नव्हे, कंबरेतून वल्हवा

या एका पायरीवर वेळ घालवलात तर बाकीच्या निम्म्या सोप्या होतील.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेलं लिंबू. त्याला जागेवर धरून ठेवायचं काम चार लहान स्नायू करतात. रोटेटर कफ म्हणतात तो हाच गट. त्यांचं काम धरून ठेवण्याचं, ओढण्याचं नाही. पाणी ओढायला पाठ, पोट, कुल्हे आणि मांड्या आहेत. खाडीत बांबू रेटत उभ्याने होडी नेणाऱ्या माणसाला कधी नीट पाहा. त्याचे हात फक्त बांबू धरतात, होडी पुढे जाते ती त्याच्या अंगाच्या वजनाने. आपण मात्र कोपर वाकवून पाणी स्वतःकडे खेचत बसतो आणि अख्ख्या शरीराचं काम त्या चार लहान स्नायूंवर टाकतो.

घरी केरसुणीचा किंवा मॉपचा दांडा घेऊन आरशासमोर उभे राहा. दोन पायांत खांद्यांइतकं अंतर, बोटं समोर, गुडघे सैल. उजवीकडे वल्हवायचं असेल तर डावा हात वर, उजवा खाली. आता पाठ गोल न करता कुल्ह्यातून पुढे झुका आणि खालचा खांदा पुढे सरकेल असं धड वळवा. दोन्ही हात जवळजवळ सरळ. पातं पाण्यात पूर्ण बुडालं असं समजा आणि मगच धड परत सरळ करा, कुल्हे पुढे आणा. पातं पावलापाशी आलं की बाहेर काढा. त्याच्या मागे ओढत नेलं तर वेग वाढत नाही, फक्त खांदा आणि कंबर पिळवटते.

दोन्ही हात कायम छातीसमोरच्या एका काल्पनिक चौकटीत ठेवा. हात त्या चौकटीतून मागे गेला आणि त्याच क्षणी लाट लागली, तर खांदा निखळू शकतो.

बाजू बदलत राहा. दुखायची वाट पाहू नका, दर आठ-दहा फटक्यांनी बदला. आणि पायाची बोटं बघा. घाबरलं की ती बोर्डला घट्ट पकडतात, त्यातूनच तळव्यात आणि पोटरीत गोळा येतो. अधूनमधून बोटं हलवून सैल करायची सवय लावा.

पायरी ३: नारळी पौर्णिमेपासून तयारीला लागा

कोकणात हंगामाची खूण वेगळी शोधावी लागत नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की आपणही जमिनीवरचा व्यायाम सुरू करावा. ऑक्टोबरपर्यंत सहा ते आठ आठवडे मिळतात आणि स्नायूंना तेवढे लागतातच. सुट्टीत पहिल्यांदाच गोव्यात, पाळोळे किंवा अश्वे इथे बोर्ड भाड्याने घेणार असाल, तर महिनाभर आधी सुरुवात केली तरी फरक पडेल.

आठवड्यातून तीन दिवस, २५ मिनिटं:

रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधा. कोपर काटकोनात, बगलेत टॉवेलची गुंडाळी, आणि हात बाहेरच्या बाजूला सावकाश उघडा. १२ ते १५ वेळा, तीन फेऱ्या. हा त्या चार लहान स्नायूंसाठी. याच पट्ट्याने पाठीसाठी मागे ओढण्याचा व्यायामही करा, शेवटी खांद्यांमागची दोन्ही चपटी हाडं एकमेकांकडे आणत.

कुल्ह्यांसाठी पुस्तकं भरलेली सॅक दोन्ही हातांत धरून, पाठ सरळ ठेवत पुढे झुकायचं आणि कुल्ह्याच्या जोरावर वर यायचं. बोर्डवरचं झुकणं हेच.

कंबरेसाठी एका कुशीवरचा प्लँक, म्हणजे कोपर आणि पावलावर अंग सरळ उचलून धरणं, २० सेकंदांपासून सुरुवात.

कोपरासाठी हात टेबलावर ठेवा, तळवा खाली, मनगट कडेच्या बाहेर. हातात भरलेली एक लिटरची बाटली. दुसऱ्या हाताने ती वर उचलून द्या आणि तीन-चार सेकंद घेत सावकाश खाली सोडा. दांडा आवळून धरणाऱ्यांचं कोपर याने पुष्कळ वाचतं.

एका पायावर उभं राहून दात घासा. घोट्याला तेवढं बास.

पायरी ४: त्या सकाळी वारा बघा, मग अंग तापवा

शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. त्याच्या मदतीने आपण सहज लांब जातो आणि परत येताना तोच समोर उभा असतो. दुपारी खारा वारा सुटला की खाडीतून परतणाऱ्यांची कथा उलट होते. माझा खांदा गेला तो असाच, परतीच्या वाटेवर, दमलेलो असताना. म्हणून जाताना आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे परतीला वारा पाठीशी राहतो. नदीच्या मुखाशी ओहोटीची वेळही पाहून ठेवा. समोरून वारा वाढलाच तर हट्टाने उभे राहू नका. गुडघ्यांवर बसा, वरचा हात दांड्यावर खाली घ्या आणि लहान फटके मारा. वाऱ्याला अडणारं अंग कमी झालं की खांद्यावरचा भारही उतरतो.

किनाऱ्यावर आठ-दहा मिनिटं अंग हलवा. जागेवर चालणं, हातांचे मोठे गोल, वल्हं खांद्यावर आडवं ठेवून धड वळवणं, दहा बैठका. स्नायू मिनिटभर ताणून धरण्याचे व्यायाम पाण्यातून आल्यावर करा. आधी केले तर दुखापत टळते असं दिसलेलं नाही. पहिली पाच मिनिटं पाण्यातही हळूच.

आपल्याकडे पाणी गार नसतं, पण ऊन असतं. घामाने शरीरातलं पाणी कमी झालं की लवकर दमायला होतं आणि दमलं की पद्धत मोडते. पाण्याची बाटली बोर्डवर बांधून न्या.

पायरी ५: लाटेत पडायला शिका

पडणार हे धरूनच चला. बोर्डपासून लांब, बाजूला, अंग पसरून पडा. उथळ पाण्यात डोकं आधी कधीच नाही आणि हात टेकवून स्वतःला सावरायचंही नाही, त्यात मनगट आणि खांदा दोन्ही जातात. वल्हं अंगापासून दूर धरा. लाटेने ते डोक्यामागे ओढलं तर सोडून द्या. पायाला लीश (बोर्डला पायाशी जोडणारी दोरी) बांधलेला असला की बोर्ड लांब जात नाही, वल्हं नंतर आणता येतं.

पायरी ६: दुखावलं तर पहिले तीन दिवस

पाण्यातच चमक आली तर बसा किंवा पोटावर झोपा, दुखरा हात अंगाशी घ्या आणि सोबत्याला हाक मारा. तसंच वल्हवत परत येण्याच्या नादात लहानशी लचक मोठी होते.

घरी आल्यावर दुखरा भाग आराम वाटेल तसा टेकवून ठेवा. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावला तर वेदना कमी होते, पण बर्फाने जखम लवकर भरते असं नाही. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंचावर ठेवणं हे सूत्र १९७८ साली अमेरिकेतल्या डॉ. गेब मर्किन यांनी मांडलं. पुढे २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून येणं लांबू शकतं. सूज हा दुरुस्तीच्या कामाचाच भाग असतो.

आता सगळ्यात अवघड सूचना, कारण ती घरच्यांच्या मायेच्या आड येते. पहिले दोन-तीन दिवस तेल चोळू नका, गरम शेक देऊ नका, कुणाकडून हात ओढून घेऊ नका. आत तुटलेल्या तंतूंतून रक्त झिरपत असतं, चोळण्याने ते वाढतं. दारूही नको. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून, आणि ती घेऊन पुन्हा पाण्यात तर नाहीच.

तट्कन आवाज झाला असेल, स्नायूत खड्डा जाणवत असेल, मोठा निळा डाग पडला असेल, हात उचलताच येत नसेल किंवा खांद्याचा आकार बदलला असेल तर वाट पाहू नका, अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. पाठदुखीबरोबर पायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवी अडली किंवा तिच्यावर ताबा राहिला नाही, तर त्याच क्षणी रुग्णालय. खूप श्रमानंतर लघवी गडद तपकिरी झाली तरीही तेच.

पायरी ७: हलवत हलवत बरं व्हा

तीन दिवसांनंतर पूर्ण विश्रांती औषध राहत नाही. स्नायू नवे तंतू घालत असतो आणि त्यांना कुठल्या दिशेने मजबूत व्हायचं हे भारच शिकवतो. आधी सोसेल तेवढी हालचाल. टेबलावर कपडा ठेवून तो हाताने पुढे सरकवा, मग भिंतीवर बोटं चढवत न्या. नंतर तळवा भिंतीला लावून जागच्या जागी दाब, हळूहळू रबरी पट्टा, शेवटी वजन.

दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्या. व्यायामात तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते आदल्या दिवसाइतकंच किंवा कमी हवं. वाढलं असेल तर एक पायरी मागे या, व्यायाम सोडू नका. याच काळात चाला, सायकल चालवा, रात्रीची झोप आणि ताटातली डाळ, अंडी, मासे सांभाळा.

हलकी लचक साधारण एक ते तीन आठवड्यांत सावरते. तंतू बऱ्यापैकी फाटले असतील तर चार ते आठ, पूर्ण तुटला तर कित्येक महिने, कधी शस्त्रक्रियाही. कंडरेचं दुखणं याहून चिवट असतं. दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

पायरी ८: पाण्यात परत

हात न दुखता पूर्ण वर जातो, रबरी पट्टा दोन्ही बाजूंनी सारख्या ताकदीने ओढता येतो आणि केरसुणीच्या दांड्याने दहा मिनिटं वल्हवण्याचा सराव केल्यावर दुसऱ्या दिवशीही काही वाटत नाही, तर मग उतरा.

पहिला आठवडा खाडीच्या शांत पाण्यात, एक दिवसाआड, १५ मिनिटं, किनाऱ्यालगत. मग आधी फक्त वेळ वाढवा. ४५ मिनिटं सहज जमली की वेग. लाटा सगळ्यात शेवटी, त्याही आधी कंबरेएवढ्या. एका आठवड्यात यातलं एकच वाढवा. आणि पहिल्या फेरीत कुणाला तरी मोबाईलवर तुमचं वल्हवणं बाजूने चित्रित करायला सांगा. कोपर वाकताना दिसलं, तर दुसरी फेरी पुढे ढकला आणि आरशासमोरच्या दांड्याकडे परत या.