इंदूरहून खेड्याची बस सुरू करायची असेल, तर आधी वेळ शोधा

खेड्यापाड्याच्या मार्गावर स्वतःची बस टाकणारा नवा माणूस बहुतेकदा सगळ्यांत आधी बस विकत घेतो. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. आधी बस सुटण्याची वेळ, मग परमिट आणि शेवटी बस.

मध्य प्रदेशात राज्य परिवहन महामंडळ बंद झाल्यापासून गावांकडची वाहतूक खासगी मालकांच्याच हाती आहे. त्यामुळे सरवटे किंवा गंगवाल स्टँडवरून निघणाऱ्या प्रत्येक चांगल्या वेळेवर कोणाचा ना कोणाचा ताबा असतो. देपालपूर, गौतमपुरा, मानपूर या बाजूंना बस टाकण्याचा विचार असेल, तर त्या मार्गावरच्या सगळ्या बसच्या वेळा निदान आठवडाभर फाट्यावर बसून टिपून काढा. त्यात हाटाचा दिवस आलाच पाहिजे. कोणत्या वेळी माणसं ताटकळत उभी राहतात, ते पाहा. भाजीवाल्यांना पहाटे चोइथराम मंडी गाठायची असते, रुग्णाला एमवाय या सरकारी इस्पितळात नंबर लावायचा असतो, मुलांना कॉलेज असतं. सकाळी इंदूरकडे भरून येणारी बस परतताना रिकामी जाते, हे गृहीतच धरा.

तिकीट काढून वाटेत माणसं चढवायची-उतरवायची, तर स्टेज कॅरेज परमिटच लागतं. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 70 खाली अर्ज करायचा. त्यात मार्ग, आसनं, रोजच्या फेऱ्या, वेळापत्रक, राखीव गाड्यांची संख्या आणि गाडी ठेवण्याची व दुरुस्तीची सोय हे सगळं लिहावं लागतं. खरी अडचण येते ती सुटण्याच्या वेळेवरून. तुमच्या मागेपुढे दहा मिनिटांनी ज्याची बस आहे, तो हरकत घेणारच. तेव्हा फाट्यावरचं टिपण, गावांची लोकसंख्या, शाळा आणि बाजार यांची माहिती आणि पंचायतीचं पत्र अर्जालाच जोडा. अर्ज फेटाळला गेला तर ग्वाल्हेरच्या राज्य परिवहन अपील न्यायाधिकरणाकडे जावं लागतं, त्यात महिने जातात. परमिट पाच वर्षांचं मिळतं. कलम 87 चं तात्पुरतं परमिट जास्तीत जास्त चार महिन्यांचं असतं. जत्रा किंवा हंगामासाठी ते ठीक, पण पाच वर्षांच्या हप्त्याचा भार त्यावर टाकू नये.

काही जण कॉन्ट्रॅक्ट परमिटवर, म्हणजे पूर्ण गाडी ठरवून नेण्याच्या परवान्यावर, रस्त्यातली सवारी उचलतात. परमिटचा भंग झाला तर कलम 192अ खाली 10,000 रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडापेक्षा मोठं संकट अपघाताचं आहे. परमिट नसलेल्या गाडीचा अपघात झाला, तर विमा कंपनी जखमींना दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यात घरदार जाईल.

आता हिशेब. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या मार्गाचे घालून पुन्हा मांडा. समजा 32 आसनांची बस, 45 किमीचा मार्ग, जाणं आणि येणं वेगळं मोजून दिवसाला चार फेऱ्या, म्हणजे 180 किमी. लिटरला 6 किमी धरले तर 30 लिटर डिझेल, 90 च्या भावाने 2,700 रुपये. वीस लाखांचं कर्ज 10 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिना साडेबेचाळीस हजारांच्या आसपास. बस 26 दिवस चालली तर रोजचे 1,635. ड्रायव्हर-कंडक्टर 1,200, टायर आणि दुरुस्ती 540, कर-विमा-फिटनेस 600, स्टँड आणि धुणं 250. एकूण 6,900 च्या घरात. सरासरी तिकीट 30 रुपये असेल तर दिवसाला 230 सवाऱ्या हव्यात, म्हणजे फेरीला 58. आसनं 32 असताना हे जमतं ते केवळ मधल्या गावांत माणसं उतरून नवी चढली तरच. म्हणून सलग एकाच ठिकाणी जाणाऱ्यांचा मार्ग खेड्याच्या बसला परवडत नाही. भाडं सरकार ठरवतं, तोटा झाला म्हणून वाढवता येत नाही. दाटीवाटीने भरण्याचा मार्गही नको: जादा माणसामागे 200 रुपये दंड आहे, आणि कमानपाटे तुटतात ते वेगळंच.

गाडी निवडताना रस्ता बघा. प्रधानमंत्री ग्रामसडकेचा डांबरी पट्टा साधारण पावणेचार मीटरचा आणि बस अडीच मीटरच्या आसपास रुंद. समोरून ट्रॅक्टर आला की एक चाक खाली उतरवावंच लागतं, आणि माळव्याची काळी माती पावसाळ्यात चाक गिळते. पाऊस सुरू होण्याआधी बाजू देण्याच्या पक्क्या जागा ड्रायव्हरला दाखवून ठेवा. लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली बस गावातल्या वळणावर अडते, तेव्हा आखूडच घ्या.

बीएस-6, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या गाडीचा एक त्रास नव्यांना माहीत नसतो. थांबत-थांबत, सावकाश चालवलं की धुराच्या फिल्टरमध्ये काजळी साचते. ती जळायला धूर पुरेसा तापला पाहिजे. डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागला तरी रेटत राहिलं तर इंजिनाची ताकद कमी होते आणि बस वर्कशॉपला जाते. डीलरकडून गाडीचा नेमका नियम समजून घ्या. बहुतेक वेळा हमरस्त्यावर वीसेक मिनिटं एकसारख्या वेगाने चालवलं की भागतं. एअर फिल्टर धुळीच्या महिन्यांत लवकर बघा, आणि मागच्या जोडचाकांमध्ये अडकलेले दगड रोज रात्री काढा.

पहिल्या तीन महिन्यांत एकही फेरी चुकवू नका. बस दोनदा आली नाही की गाव पुन्हा टेम्पोला लागतं. त्यासाठी नादुरुस्तीच्या दिवशी वापरायची दुसरी बस कोणाची, परमिटवर तिची नोंद कशी करायची आणि तिचं भाडं किती, हे आरटीओत विचारून पहिल्या फेरीआधीच कागदावर ठरवून ठेवा.