सुगी आणि वादळी पावसाआधीची बांधाबांध: गाठ मारल्यानंतर काय पाहावे

सुगी आणि तिच्या पाठोपाठ येणारा वादळी पाऊस, या दोहोंच्या मधल्या दिवसांत शेतावर जेवढी बांधाबांध होते तेवढी वर्षभरात होत नाही. पेंढ्या, गासड्या, ट्रॉलीवरचा माल, गंजीवरची ताडपत्री, शेडनेट, काठीच्या आधाराने उभी केलेली रोपे. घाईच्या दिवसांत आपण गाठ मारतो, एकदा ओढून पाहतो आणि पुढच्या कामाला लागतो. पण गाठ मारल्यावरही सगळे बदलत राहते. भार दबतो, दोर भिजतो, खोड जाड होते, प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होते. सुटलेल्या बांधणीमुळे होणारे बहुतेक नुकसान गाठ चुकल्याने होत नाही, ती पुन्हा न पाहिल्याने होते. म्हणून या हंगामात काय कशाने बांधावे याबरोबरच ते केव्हा पुन्हा पाहावे, हेही सांगतो.

आधी हातातला दोर ओळखा

ताग, सूत किंवा वाखाचा पीळदार दोर भिजला की त्याचे धागे फुगतात, पीळ आवळतो आणि दोराची लांबी कमी होते. वाळला की तोच दोर सैल पडतो. कोरड्या दिवशी ताणून बांधलेला असा दोर पावसात ताडपत्रीच्या रिंगा उपटून काढू शकतो, आणि दवात घट्ट वाटलेला दुपारी लोंबतो. नायलॉनचे उलटे आहे. ते पाणी शोषून थोडे लांबते आणि ओले असताना त्याची ताकद साधारण 10 ते 15 टक्क्यांनी घटते. पॉलिएस्टर ओले होवो की कोरडे, फारसे बदलत नाही आणि ताणही कमी खाते. भार बांधायचे पट्टे बहुतेक त्याचेच असतात ते यासाठी. पॉलिप्रॉपिलीन हलके असते, पाण्यावर तरंगते, कुजत नाही. पण ऊन त्याला फार लवकर खाते. असा दोर हातात चोळल्यावर बारीक कुसे किंवा भुकटी निघाली, तर त्याच्यावर माणूस किंवा भार सोपवू नका.

युरोपीय मानकानुसार बनवलेल्या पट्ट्यांवरचे लेबल रंगावरूनच सांगते: निळे म्हणजे पॉलिएस्टर, हिरवे नायलॉन, तपकिरी पॉलिप्रॉपिलीन. लेबल फाटून गेले असेल तर त्या पट्ट्याची क्षमता कोणालाच सांगता येत नाही, आणि असा पट्टा वाहतुकीतून काढून टाकणेच योग्य.

ट्रॉलीवरचा माल

इथे थोडे थांबून समजून घ्यावे लागेल, कारण सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. 50 मिमी रुंदीच्या रॅचेट बेल्टवर, म्हणजे दात्यांच्या दांड्याने आवळायच्या पट्ट्यावर, बहुधा ‘एलसी 2500 डेकान्यूटन’ असे काही छापलेले असते. ‘एलसी’ म्हणजे बेल्ट किती ओढ सोसतो तो आकडा. 1 डेकान्यूटन म्हणजे साधारण 1 किलो वजनाएवढा जोर. हे वाचून आपण समजतो की एक बेल्ट अडीच टन माल धरून ठेवील. माल वरून आडवा बेल्ट टाकून बांधला असेल, तर तसे होत नाही.

वरून टाकलेला बेल्ट माल अडवत नाही, तो फक्त खाली दाबतो. माल जागेवर राहतो तो तळाशी होणाऱ्या घर्षणामुळे. आणि दाब किती मिळणार हे तुम्ही हाताने रॅचेट किती आवळू शकता यावर ठरते. तो आकडा लेबलवर ‘एसटीएफ’ या अक्षरांपुढे असतो आणि साध्या रॅचेटला तो 300 च्या आसपास असतो. 2500 हा बेल्टच्या ताकदीचा आकडा झाला, तुमच्या आवळण्याचा नव्हे.

आता हिशेब पाहा. जोरात ब्रेक मारला तर माल आपल्या वजनाच्या 0.8 पट जोराने पुढे जायला बघतो, असे माल बांधणीचे युरोपीय मानक धरते. बाजूला आणि मागे 0.5 पट. समजा माल 1000 किलोचा आहे, पुढच्या फळीला टेकलेला नाही, आणि तळाचे घर्षण (तळ मालाला किती धरतो त्याचे माप) 0.3 आहे. त्या मानकाच्या सूत्राने, सुरक्षिततेसाठी थोडा वाढावा धरून, 300 चे 4 बेल्ट लागतात, आणि तेही बेल्ट दोन्ही बाजूंनी जवळजवळ सरळ खाली उतरत असतील तर. तोच माल जाड रबरी मॅटवर ठेवला, घर्षण 0.6 झाले, की हिशेबाने एकच बेल्ट पुरतो. तरी दोन लावावेत, कारण एक सरकला तर दुसरा राहतो. मालाखाली घातलेली मॅट तीन बेल्टचे काम करते! म्हणून मी बेल्टची संख्या मोजण्याआधी तळ झाडायला सांगतो. भुसा, धान्याचे दाणे, चिखल किंवा तेल यांवर कोणताही माल घसरतो.

कोन हाही तसाच महत्त्वाचा. बेल्ट तळाशी 60 अंशांचा कोन करत असेल तर ताणाचा सुमारे 87 टक्के भाग खाली दाबतो, 30 अंश असेल तर निम्माच. माल बुटका आणि रुंद असला की बेल्ट जवळजवळ आडवा होतो आणि काहीच दाबत नाही. अशा वेळी वरून टाकण्यापेक्षा मालाच्या चारही कोपऱ्यांपासून तिरके खेचून बांधा. अवजारांना असेच बांधावे. पुढची फळी मजबूत असेल तर माल तिला घट्ट टेकवून रचा, अर्धे काम तिथेच होते.

रॅचेटच्या आसावर पट्ट्याचे किमान दोन, जास्तीत जास्त तीन वेढे बसू द्या. कमी असतील तर पट्टा सुटतो, जास्त असतील तर रॅचेट अडकते. दांड्याला पाइप लावून लांबी वाढवू नका. पट्ट्याला गाठ मारू नका, गाठीमुळे पट्ट्याची ताकद निम्म्यापर्यंत घटू शकते. धारदार कडेवरून पट्टा जात असेल तर खाली कोपरा-रक्षक किंवा जाड रबराचा तुकडा घाला. आणि निघाल्यावर थोड्या अंतरावर गाडी थांबवून सगळे बेल्ट पुन्हा आवळा. हा थांबा कधीही चुकवू नका. पेंढ्या, पोती, गासड्या पहिल्या धक्क्यांनीच दबतात आणि घट्ट बांधलेला बेल्ट हाताने हलवता येईल इतका सैल होतो.

सोडताना जास्त जपा. प्रवासात माल कलून बेल्टवर रेललेला असू शकतो. रॅचेट उघडण्याआधी ट्रॉलीभोवती एक फेरी मारा, आणि उघडताना मालाच्या समोर उभे राहू नका. दोन्ही टोकांना हूक असलेल्या लवचीक दोऱ्या ताडपत्री सावरायला ठीक आहेत, भार बांधायला नाहीत. ताणलेला हूक निसटला की थेट डोळ्याकडे येतो.

फक्त दोर असेल तर दोराच्या मध्यावर एक फास काढा, टोक खालच्या हुकाभोवती घेऊन त्या फासातून ओढा आणि शेवटी सुरगाठ मारा. फासामुळे ओढ कितीतरी वाढते, आणि सुरगाठ ओल्या हातानेही सुटते. निरगाठ मारलेला दोर शेवटी विळ्यानेच कापावा लागतो आणि तुकडे शेतात राहतात.

गासड्या आणि जनावरे

पीक कापून बांधणाऱ्या सुरुवातीच्या यंत्रांत तार वापरत. तारेचे तुकडे चाऱ्यात जाऊन जनावरांच्या पोटात पोचू लागले. 1878 च्या सुमारास जॉन ॲपलबी यांनी सुतळीची गाठ मारणारी यंत्रणा आणली, आणि तार मागे पडली. तार गेली, पण आता प्लास्टिकची सुतळी आहे. ती कुजत नाही. गाई-म्हशींच्या कोठीपोटात गोळा झाली की तिथेच राहते आणि पुढे चारा सरकू देत नाही. गासडी फोडताना सुतळी कापू नका, शक्यतो एका टोकाकडून ओढून अखंड काढा, मोजा आणि एका पोत्यात टाका. एका गासडीला दोन सुतळ्या असतील तर दोनच निघाल्या पाहिजेत. वाखाची सुतळी कुजते म्हणून चाऱ्यासाठी ती बरी, पण पावसात गंजी महिनोन् महिने राहणार असेल तर जमिनीला टेकलेल्या थरातली सुतळी आधी तुटेल, हे धरून चला.

सुतळीचे मोकळे टोक ट्रॅक्टरच्या पीटीओजवळ, म्हणजे जोडलेले यंत्र फिरवणाऱ्या शाफ्टजवळ, कधीही लोंबू देऊ नका. मिनिटाला 540 फेऱ्यांचा शाफ्ट सेकंदाला 9 वेळा फिरतो. टोक अडकल्यावर हात सोडवायला वेळ उरत नाही. शाफ्टवरचे कव्हर सुतळीने बांधून काम भागवू नका, नवे बसवा.

झाडे, रोपे, वेली

पानांनी तयार केलेले अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जाते. बांधलेला दोर खोडात रुतला की हा प्रवाह अडतो. दोराच्या वर फुगवटा दिसू लागला, तर मुळे उपाशी राहू लागली आहेत असे समजा. पूर्वी मी एक चांगले वाढलेले कलम असेच गमावले. काठीला नायलॉनच्या दोरीने बांधले आणि पुढच्या हंगामापर्यंत विसरलो. वादळात ते बरोबर त्या रुतलेल्या जागीच मोडले.

रोप काठीला इंग्रजी 8 च्या आकाराने बांधा, म्हणजे खोड आणि काठी यांच्यात दोराचा पेड राहील आणि घासणार नाही. खोडाभोवती बोट जाईल इतकी जागा ठेवा. रुंद रबरी पट्टी किंवा कापडाची चिंधी उत्तम. बारीक तार पाइपात घातली तरी ती तारच. फळझाडाच्या रोपाला खालच्या तिसऱ्या भागात बांधा, शेंडा वाऱ्यावर थोडा हलू द्या, हलण्यानेच खोड भरते. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा बांधणी पाहा आणि एखाद्या वर्षात काढून टाका. कलमाची पट्टी जोड पक्का झाला की लगेच सोडा.

केबल टाय ठिबकच्या नळ्या आणि जाळीसाठी सोयीचा, झाडासाठी नाही, कारण तो आवळतो आणि मागे सरकत नाही. उन्हात लावायचा असेल तर काळा, ऊन सोसणारा घ्या. पांढरा लवकर ठिसूळ होतो.

ताडपत्री आणि साठवण

ताडपत्रीची रिंग निघून गेली असेल तर काठापासून वीतभर आत कापडाखाली गुळगुळीत दगड ठेवा, वरून कापड त्याच्याभोवती आवळून दोर बांधा. ही जागा रिंगेपेक्षा जास्त ताण सोसते. ताडपत्री फडफडू देऊ नका, ती ताणाने कमी आणि फडफडण्याने जास्त फाटते. पहिल्या वाऱ्यानंतर आणि पहिल्या पावसानंतर गंजीभोवती एक फेरी मारा.

काम संपल्यावर बेल्ट साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, गुंडाळून टांगा. तेल फक्त रॅचेटच्या दात्यांना द्या, पट्ट्याला नको. नायलॉनला आम्ल आणि पॉलिएस्टरला चुन्यासारखा तीव्र अल्क खातो, म्हणून बॅटरी किंवा चुन्याच्या पोत्याशेजारी ते ठेवू नका. कड कापलेली, शिवण उसवलेली किंवा उन्हाने पांढुरकी पडलेली पट्टी वापरातून काढली, तर तिचे दोन तुकडे करूनच टाका, नाहीतर गडबडीच्या दिवशी कोणीतरी तीच उचलून पुन्हा ट्रॉलीला लावते.